नवी शाळा, जुनी शाळा आणि एक अडलेला रकाना

शिक्षण खात्यात एकतीस वर्षं काढली असं सांगितलं की समोरचा विचारतो, "मग काय शिकवत होतात?" पहिली बारा वर्षं मी हिंदी शिकवलं. पुढची एकोणीस वर्षं मी 'जनशिक्षक' होते. या पदाच्या नावात शिक्षक आहे खरा, पण शिकवण्याशी त्याचा संबंध तेवढाच. आमच्या मध्य प्रदेशात सरकारी शाळांचे गट करतात आणि एकेका गटावर एक जनशिक्षक नेमतात. त्याने शाळाशाळांत जायचं, मुलं मोजायची, जेवणाची ताटं पाहायची, फळा अजून काळा आहे की पांढरा पडला ते बघायचं आणि घरी येऊन फॉर्म भरायचे. शाळेत शिकवणं सोडून बाकी सगळं कसं चाललंय यावर लक्ष ठेवणारी बाई, असं माझ्या नोकरीचं वर्णन आमचे हे करायचे.

माझ्या वाट्याला इंदूरजवळच्या सांवेर तहसिलीतल्या शाळा होत्या. इंदूरातल्या राजेंद्र नगरच्या घरून निघायचं, दोन बस बदलायच्या आणि पुढे ज्याची मोटारसायकल मिळेल त्याच्या मागे पर्स पोटाशी धरून बसायचं. सोयाबीनच्या शेतांमधून अशी वरात काढत मी किती गावं पालथी घातली ते आता आठवत नाही. एक गाव मात्र विसरता येत नाही.

त्या गावाची शाळा म्हणजे सहा खोल्यांची एक सरळ इमारत. सरकारने एके वर्षी ठरवलं की काही शाळा बाहेरच्या संस्थांना चालवायला देऊन बघू. इमारत सरकारची, पैसा सरकारचा, फी नाही. शिक्षक मात्र संस्थेचे आणि शिकवायची रीतही त्यांची. बदल्यात मुलं जास्त शिकली पाहिजेत, नाहीतर करार रद्द. कल्पना वाईट नव्हती. पण आमच्या कार्यालयातल्या कुणाला तरी वाटलं, अर्धीच शाळा द्यावी, म्हणजे अर्ध्याची अर्ध्याशी तुलना करता येईल. झालं. उजवीकडच्या तीन खोल्या संस्थेला दिल्या, डावीकडच्या तीन सरकारी राहिल्या आणि व्हरांड्यातून थेट फाटकापर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ मारली. गावाने एकीला 'नवीवाली' आणि दुसरीला 'जूनीवाली' म्हणायला सुरुवात केली. तिकडच्या माळवी बोलीत हे शब्द मराठीसारखेच असल्याने मला बरं वाटायचं.

रेघ मारणाऱ्याने एवढंच पाहिलं नव्हतं की हातपंप जूनीवालीत गेला आणि संडास नवीवालीत. पहिल्या आठवड्यात दोन्हीकडून मला लेखी तक्रारी आल्या. मी दोन्हींवर 'पाहिले' असं लिहून सही केली. आमच्या खात्यात निकाल लावण्याची ही एक पद्धत आहे.

जूनीवालीचे मुख्याध्यापक मालवीय सर. एकोणीस वर्षं त्याच शाळेत, पन्नाशी उलटलेली, खिशात नेहमी दोन खडू. नवीवालीची प्रमुख नेहा, इंदूरच्या बडा गणपतीजवळच्या मराठी घरातली पोरगी, संस्थेने करारावर घेतलेली. वय इतकं कमी की पहिल्या भेटीत मी तिलाच "बेटा, तुझ्या मॅडम कुठे आहेत?" असं विचारलं होतं.

मग तुलनेचं पत्र आलं. पाचवीच्या मुलांची गणित आणि भाषेची परीक्षा घ्यावी, दोन्ही शाळांना एकच पेपर, एकच वेळ. जी शाळा कमजोर निघेल ती बंद करून तिची मुलं दुसऱ्या शाळेत घालावीत. म्हणजे जूनीवाली हरली तर मालवीय सरांची तहसिलीच्या पार दुसऱ्या टोकाला बदली, नवीवाली हरली तर नेहाची नोकरीच गेली. पत्रात एक वाक्य ठळक छापलं होतं: 'तुलना समान परिस्थितीत व्हावी.' हे वाक्य पुढे माझ्या फार उपयोगी पडलं.

परीक्षेत लबाडी होऊ नये म्हणून मी आमचा नेहमीचा उपाय केला: पहारे बदलले. नवीवालीच्या मुलांवर मालवीय सर आणि जूनीवालीच्या मुलांवर नेहा. आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या मुलांना कोण कशाला मदत करेल?

पेपर घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर तपासायला बसले. जूनीवालीचा पहिला पेपर. भागाकार बरोबर, आणि शेवटी उरलेल्या बाकीभोवती मुलाने एक छोटीशी झोपडी काढलेली. ही मालवीय सरांची खास पद्धत. बाकीला घर दिलं की मुलं तिला लिहायला विसरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या पेपरात झोपडी, तिसऱ्यात झोपडी. मग नवीवालीचे पेपर उघडले. तिथेही झोपडी! एकाने तर दाराला कडीसुद्धा काढली होती. भाषेचा पेपर घेतला. 'मेरी गाय' हा निबंध. नेहा मुलांना आधी कोळी काढायला लावायची: मधे गोल, गोलात विषय, बाहेर पाय आणि प्रत्येक पायावर एक मुद्दा. नवीवालीच्या मुलांनी कोळी काढले होते. जूनीवालीच्या मुलांनीही काढले होते. सगळ्या गाईंना आठ पाय.

"कॉपी झाली असणार," आमचे हे चहाचा कप ठेवत म्हणाले. पण कॉपीत उत्तरं सारखी येतात आणि चुकाही सारख्या येतात. इथे चुका ज्याच्या त्याच्या होत्या, फक्त शिकवणारे हात सारखे दिसत होते. आणि खरं सांगायचं तर इतके चांगले पेपर मी त्या गटात कधी तपासले नव्हते. दोन्हींची बेरीज केली तर जवळपास सारखी आली.

दुसऱ्या दिवशी न कळवता गेले. सकाळची वेळ. जूनीवालीच्या तिन्ही खोल्या रिकाम्या. नवीवालीत मुलं दाटीवाटीने बसलेली आणि नेहा वर्गभर फिरत कविता म्हणून घेत होती. हातपंपाजवळच्या खिळ्याला नवीवालीचे निळे टाय लटकत होते. उशिरा आलेली एक मुलगी आली, खिळ्यावरचा टाय काढून गळ्यात अडकवला, रेघ ओलांडली आणि आत जाऊन बसली. मी तिला विचारलं, "बेटा, तू किस स्कूल की है?"

ती म्हणाली, "अभी तो नवीवाली की."

स्वयंपाक करणाऱ्या सज्जनबाईने मला पाहिलं. तिची स्वतःची दोन मुलं तिथेच होती. ती पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि न विचारताच सगळं सांगून मोकळी झाली. "सबेरे वां, मैडमजी. रोटी खई ने पछे यां. असो ज चाले."

सकाळी तिकडे आणि जेवणानंतर इकडे. दुपारी जूनीवालीच्या स्वयंपाकघरात जेवणं झाली, टाय पुन्हा खिळ्यावर गेले, आणि मालवीय सर फाटकातून मोटारसायकल ढकलत आत आले. मला पाहून त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना व्हरांड्यात बसवलं आणि विचारलं, "सर, ये क्या चल रहा है?"

"मैडमजी, सुबह तो मैं रहता नहीं," ते म्हणाले. "कभी वोटर लिस्ट, कभी सर्वे, पिछले महीने भैंसें गिनवाईं. बच्चे अकेले बैठे रहते थे. नेहा मैडम ने बुला लिया."

"और दोपहर को?"

"रसोई हमारी तरफ है. बच्चे खाकर यहीं पसर जाते थे. अब खाए हुए बच्चे को क्या उठाना! तो मैंने भाग करवा दिया."

नेहा पाठीमागे येऊन उभी होती. ती मराठीत बोलली, म्हणजे आमच्या इंदूरच्या मराठीत. "मॅडम, मी तर पहिल्याच दिवशी बोलून दिलं होतं सरांना, मॅथ्स माझ्याकडून नाही होत. आमच्या संस्थेने किट दिलं आहे, त्यात रंगीत काड्या आहेत. मुलं त्या काड्यांनी कान खाजवत होती. सर शिकवतात तर त्यांना समजून राहिलं आहे ना!"

माझ्या सगळ्या नोकरीत मी शिक्षकांना एकत्र येऊन एक काम करताना पाहिलं होतं ते फक्त महागाई भत्त्यासाठी. आणि इथे दोन माणसांनी एक पूर्ण शाळा तयार केली होती, तीही रेघेच्या डोक्यावरून. मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की रागवायचं राहूनच गेलं.

पण अडचण लक्षात घ्या. हे खरं लिहिलं तर दोघंही गेली असती. मालवीय सर आपल्या रजिस्टरात नसलेल्या मुलांना शिकवतात म्हणून त्यांच्यावर कारवाई, आणि संस्था सरकारी शिक्षकाच्या जिवावर निकाल दाखवते म्हणून करार रद्द. मुलं शिकतात हा बचाव आमच्या नियमांत कुठेही नाही.

मी निकाल 'समान' असं लिहून ब्लॉकच्या, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात दिला. तिथल्या दुबे साहेबांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"मैडम, कंपेरिजन का मतलब होता है एक ऊपर, एक नीचे."

"सर, दोन्ही सारख्या आहेत." साहेबांना इंदूरच्या मुक्कामात मराठी समजायला लागलं होतं.

"समान का ऑप्शन ही नहीं है," त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. "देखिए. 'कमजोर विद्यालय का नाम'. दो नाम हैं, एक चुनो. खाली छोड़ो तो फॉर्म आगे नहीं जाता. मेरे ऊपर भी साहब हैं, मैडम."

मी रिकामं ठेवून पाहिलं. संगणकाने लाल अक्षरांत रकाना भरायला सांगितलं. मग साहेब म्हणाले, पुन्हा परीक्षा घ्या, मी स्वतः येतो.

साहेब येणार म्हटल्यावर मुलांना ज्याच्या त्याच्या शाळेत बसवणं आलं. आणि तिथेच सगळं बिनसलं, कारण कोण कुठलं हे आता कुणालाच आठवत नव्हतं! मालवीय सर आणि नेहा दोन रजिस्टरं घेऊन रेघेवर उभे राहिले आणि नावं पुकारून मुलांना डावी-उजवी करू लागले. एक मुलगा दोन्हीकडे हजर म्हणाला. सज्जनबाईची दोन मुलं दोन शाळांत निघाली, हे तिला स्वतःला तेव्हा कळलं. नवीवालीच्या मुलांना टाय घालायला लावले तर टाय कमी पडले. खिळ्यावरून गळ्यात आणि गळ्यातून खिळ्यावर जाता जाता बरेच हरवले होते. साहेबांची जीप फाटकात शिरली तेव्हा दोन भावांनी एकच टाय दोन टोकांनी धरला होता.

परीक्षा सुरू झाली. पहारे पुन्हा बदललेले. साहेब व्हरांड्यात चहा पीत होते आणि मी खिडकीतून डोकावत होते. नवीवालीच्या खोलीत मालवीय सर एका मुलाच्या बाकाशी वाकून काहीतरी पुटपुटले. मुलाने लिहिलेलं खोडलं, नवीन लिहिलं. सर पुढच्या बाकाकडे गेले. मला वाटलं, हा बाबा त्यांना चुकीचं सांगतोय! इतकी वर्षं ओळखत असलेल्या माणसाबद्दल मनात असं आलं याची मला आजही शरम वाटते. मी दुसऱ्या खिडकीशी गेले. तिथे नेहा जूनीवालीच्या मुलांना फळ्याकडे पाठ करून बोटांनी खुणा करत होती: तीन, मग सात.

पेपर तपासले. दोन्ही शाळांतल्या प्रत्येक मुलाला पैकीच्या पैकी.

मी आयुष्यात खूप कॉप्या पकडल्या आहेत. मोज्यातल्या, पाटीमागच्या, पोळीत गुंडाळलेल्या. पण दुसऱ्याच्या शाळेला जिंकवण्यासाठी केलेली कॉपी मी ती एकदाच पाहिली. मालवीय सरांना बाजूला घेऊन विचारलं तर ते खाली बघत म्हणाले, "मेरी तो पक्की नौकरी है मैडमजी, कहीं भी भेज देंगे. उस बच्ची का तो कॉन्ट्रैक्ट है. आप हमको कमजोर लिख दो."

नेहाला विचारलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. एरवी मॅडम म्हणणारी पोरगी एकदम काकूवर आली. "काकू, नवीवालीला कमजोर लिहा ना. मला इंदूरात कुठेही जॉब भेटून जाईल. सरांना इथून काढलं तर ते काय करतील? त्यांना दुसरं काही येतच नाही, फक्त शिकवणं येतं!"

कमजोर होण्यासाठी दोन शाळा माझ्यापुढे हात जोडून उभ्या होत्या आणि तिकडे साहेब निकाल पाहून गडबडले होते. "सबको पूरे नंबर? मैडम, ये तो पोर्टल मानेगा ही नहीं."

त्या संध्याकाळी बसमध्ये मला पत्रातलं ते ठळक वाक्य आठवलं. तुलना समान परिस्थितीत व्हावी. दुसऱ्याच दिवशी मी आक्षेप लिहिला. एका शाळेत हातपंप आहे, दुसरीत नाही; एकीत संडास आहे, दुसरीत नाही; परिस्थिती समान नाही, सबब तुलना ग्राह्य नाही. आमच्या कार्यालयात आक्षेपाला फार मान आहे. खरी गोष्ट कुणी ऐकत नाही, पण आक्षेपाचं उत्तर द्यावंच लागतं. साहेबांनी वर लिहिलं, वरच्यांनी आणखी वर. वर्षभराने नवीवालीला हातपंप आणि जूनीवालीला संडास मंजूर झाला. मग मी लिहिलं, उजवीकडच्या खोल्यांत सकाळचा उजेड जास्त येतो. ट्यूबलाइटी आल्या. मग बाकं. मग पंखे. एकदा परीक्षेच्या दिवशी गावात लग्न होतं, एकदा अर्ध्या वर्गाला गालगुंडं झाली. एकदा मी पेपरातल्या एका प्रश्नातली म्हैस नवीवालीच्या मुलांना अपरिचित असल्याचा आक्षेप घेतला आणि तोही मान्य झाला.

अशी मी ती तुलना तीन वर्षं लोंबकळत ठेवली. त्या तीन वर्षांत पाचवीच्या तीन तुकड्या त्या शाळेतून निघाल्या. सज्जनबाईची थोरली त्यातलीच, आता सांवेरला आठवीत आहे आणि आईच्या बचतगटाचा हिशेब तोंडी करते. दर बैठकीत साहेब सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवायचे, "मैडम का एक काम कब से पेंडिंग है." मी मान खाली घालायची. आतून मात्र मला पदक मिळाल्यासारखं वाटायचं.

मग मी निवृत्त झाले. माझ्या जागी गौरव आला. हुशार, नम्र, चुणचुणीत मुलगा. चार्ज देताना मी त्याला दोन कपाटं, एक वजनकाटा, अकरा खुर्च्या, त्यातल्या तीन मोडक्या, असं सगळं मोजून दिलं आणि यादीवर त्याची सही घेतली. त्या गावाची फाइलही दिली. त्या फाइलीत जे नव्हतं ते सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलं नाही. माझे पेन्शनचे कागद त्या आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होते आणि नवीन पोराच्या तोंडात काही टिकेल की नाही याची मला खात्री नव्हती. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या शाळांत धीटपणे फिरले आणि शेवटच्या दिवशी घाबरले.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"मैडम, आप तो टेंशन ही मत लो. आपका तीन साल का पेंडिंग अपन ने एक दोपहर में क्लियर कर दिया."

"कौनसी शाळा, बेटा?" मी कसंबसं विचारलं.

"जूनीवाली. मैडम, दोनों बराबर थीं, तो लिस्ट में जिसका नाम पहले था वो डाल दिया. फॉर्म एक बार में सबमिट हो गया!"

मी त्याला शाबास म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्याने त्याचं काम केलं होतं. माझंच काम मी त्याला नीट दिलं नव्हतं.

मालवीय सरांना फोन करायला मला दोन महिने लागले. फोन लागला तेव्हा माफी मागायची म्हणून सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, पण मी तोंड उघडायच्या आधीच ते सुरू झाले. नवीन शाळा बरी आहे, मुलं थोडी आहेत, पाणी गोड आहे, आणि शेजारच्या गावात संस्थेने चालवायला घेतलेली एक शाळा आहे. "अभी जान-पहचान कर रहा हूँ, मैडमजी," ते म्हणाले आणि हसले.

मी त्यांना जुन्या गावाबद्दल विचारलं. तिथल्या मुलांचं गणित कोण घेतं आता?

ते हळू आवाजात म्हणाले, "इतवार को चला जाता हूँ. नेहा मैडम कमरा खोल देती हैं. सब आ जाते हैं."

"रविवारी? सर, कुणी पाहिलं तर? एवढ्या लांबून तुम्ही..."

"इतवार को हाजिरी नहीं होती, मैडमजी. कोई नहीं पूछता कौन किसका बच्चा है."

मी फोन ठेवला. माफी मागायची राहूनच गेली. आता रविवारच्या सकाळच्या बसची वेळ मी विचारून ठेवली आहे. दोन रविवार स्टँडपर्यंत जाऊन परत आले. हिंदी मला अजून शिकवता येतं. त्या दोघांसमोर उभं राहायचं कसं, ते काही जमत नाही.